बाहेर राहिलेलं पुस्तक

मार्तंडरावांना जालन्यात लोक पाठीमागे 'मुदतराव' म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते चष्म्याच्या वरून असं काही बघत, की आपल्या घरी वाचनालयाचं एखादं पुस्तक राहून तर गेलं नाही ना, अशी समोरच्याला शंका यावी. आणि बहुतेकदा ते राहिलेलं असेच.

दिवसा ते कादराबादेत कापसाच्या एका आडतीवर कारकुनी करत. संध्याकाळी कुंडलिका नदी ओलांडून जुन्या जालन्यात येत आणि वाचनालयाचं कुलूप काढत. वाचनालय म्हणजे जुन्या सराईच्या कमानीला लागून असलेल्या दोन खोल्या. कधीकाळी तिथं लांबून आलेले व्यापारी उतरत, पुढे कित्येक वर्षं कडबा भरलेला असे. मार्तंडरावांनी आणि गावातल्या चार उत्साही मंडळींनी तो कडबा उपसला, भिंतींना चुना दिला, एक लांब टेबल, बाकं आणि लाकडी कपाटं आणली. मंडळींचा उत्साह यथावकाश ओसरला. मार्तंडरावांचा ओसरला नाही, कारण त्यांच्याकडे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. लग्नानंतर वर्षभरातच बायको गेली, मागे मूलबाळ नाही. संध्याकाळी घरी जाऊन माणूस करणार तरी काय?

निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, निकाल उर्दूत. मराठी आपली घरात आणि बाजारात बोलायची. ती कागदावर उतरलेली बघायची, तर या दोन खोल्यांत यावं लागे. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं शिळी होऊन येत, कधी वाटेतच अडकत. पुस्तकं मुलूख ओलांडून यायची आणि नाक्यावर उलटीपालटी करून पाहिली जायची. तरीही लोक येत. भोकरदनहून बाजाराला आलेला कुणी शेतकरी कमानीत बैल सोडून घटकाभर टेकायचा. सगळ्या जातींना एकच टेबल, म्हणून सुरुवातीला काही जणांनी नाकं मुरडली. मार्तंडराव त्यांना म्हणाले, "नाक बाहेर ठेवा आणि आत या." शुक्रवारी आडतीला सुटी असे, त्या दुपारी बायकांची वेळ असे.

नियम एकच होता आणि तो कडक होता. पुस्तक पंधरा दिवसांत परत. एक आणा, मग दुसरं न्या. मुदत टळली की मार्तंडराव स्वतः दारात हजर. एका नवरदेवाच्या तर त्यांनी भर मांडवात अक्षता टाकता टाकता कानात विचारलं होतं, की आज निघायच्या आधी पुस्तक पाठवता की उद्या सासऱ्यांकडून मागवू? लोक हसत, चिडत, पण पुस्तक आणून देत. वाचनालयाचं एकही पुस्तक कधी बुडालं नाही, हे सांगताना मार्तंडरावांची मान नकळत ताठ होई.

सोनूबाई या वाचनालयात आली ती भावामुळे. भाऊ पुंजाराम मार्तंडरावांच्याच आडतीवर काट्यावर माल तोलणारा तोलारी होता. सोनूबाई हसनाबादेला दिलेली. नवऱ्यानं हौसेनं अंगणातल्या धुळीत बोटानं अक्षरं गिरवून तिला वाचायला शिकवलं, आणि जोडाक्षरं शिकवायच्या आत तो तापानं गेला. सासरच्यांना तिच्या अक्षरांचा उपयोग नव्हता. पुंजारामनं तिला जालन्याला आणलं.

पहिल्याच शुक्रवारी तिनं मार्तंडरावांचं डोकं उठवलं. तिला मनात वाचता येत नव्हतं. ओळीखाली बोट ठेवायचं आणि एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचं. भिंतीवर 'बोलू नये' अशी पाटी. सोनूबाईनं तीसुद्धा मोठ्यानं वाचली.

"सोनूबाई, मनात वाचा," मार्तंडराव म्हणाले.

"तोंडानं म्हनल्याबिगर मला कळतच न्हाई भाऊ, मी काय करू?"

मार्तंडरावांनी तिला बाहेरच्या ओट्यावर बसवलं. तर तिथं रस्त्यावरचे लोक जमायला लागले. शेवटी वैतागून त्यांनी एक जाडजूड पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि घरी नेऊन वाचा म्हणून सांगितलं. कुणा एका प्रवाशानं कोकणच्या किनाऱ्यानं केलेल्या प्रवासाची ती हकिकत होती. सोनूबाईनं समुद्र पाहिला नव्हता. तसा तो मार्तंडरावांनीही पाहिला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा.

आता झालं असं, की सोनूबाई एकटी वाचेना. दुपारी गल्लीतल्या बायका शेजारच्या झुंबरबाईच्या अंगणात कडुनिंबाखाली धान्य निवडायला बसत, तिथं ती पुस्तक घेऊन बसायची. दिवसाला एक पान, कधी अर्धंच. कारण एकेका वाक्यावर चर्चा. एवढं पाणी, आणि त्यातलं घोटभर पिता येत नाही, म्हणजे काय? यावर बायकांचे दोन दिवस गेले. पंधरा दिवसांत प्रवासी जेमतेम होडीत चढला. मार्तंडरावांनी कुरकुरत मुदत वाढवली. ती संपली तेव्हा होडी खाडीच्या तोंडाशी होती.

साल एक्केचाळीस असावं. वाचनालयाला दहा वर्षं होत होती. मार्तंडरावांनी मनाशी ठरवलं, वाढदिवस थाटात करायचा. औरंगाबादेहून एक गवई बोलवायचा, वाचनालयासमोर सतरंज्या टाकायच्या, गावाला गाणं ऐकवायचं. आणि त्या दिवशी कपाटं उघडी ठेवायची, सगळी पुस्तकं आपापल्या जागी. गावानं बघावं तरी काय जमवलंय ते.

त्यासाठी कचेरीची परवानगी हवी होती. राज्यात चार माणसं बाहेरून बोलवायची तर अर्ज करावा लागे. अर्ज उर्दूत. मार्तंडरावांना आपल्या उर्दूचा मोठा अभिमान. त्यांनी बैठक मारून सुंदर वळणाचा अर्ज लिहिला. कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देणारे हुसेनमियाँ नावाचे अर्जनवीस चटईवर बसत. जुनी ओळख. त्यांनी हात पुढे केला, "लाओ मार्तंडराव, एक नजर मार लेता हूँ."

"अर्जच आहे, गझल नाही," असं म्हणून मार्तंडराव सरळ आत गेले.

मग ते पुस्तकं गोळा करायला निघाले. हे काम त्यांनी जन्मभर केलं होतं, पण असं कधी केलं नव्हतं. मुदत असो नसो, दारोदार. "एकही पुस्तक बाहेर ठेवू नका. सगळी आत हवीत." आजाऱ्याच्या उशाखालून पुस्तक काढलं. परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या पुढ्यातून उचललं. लोकांनी दिली. कपाटं भरत आली. अगदी खच्चून भरली, एका पुस्तकाची जागा सोडून.

झुंबरबाईच्या अंगणात ते पोचले तेव्हा वाचन चालू होतं. सोनूबाईनं त्यांना पाहिलं आणि पुस्तक पदराखाली घेतलं.

"वाचून झालं न्हाई अजून."

"मुदत केव्हाच टळली आहे. द्या."

"वाचून झालं की मी सवता आणून देते. आत्ताच तर वादळ आल्तं. त्या मानसाचं काय झालं, ते तरी कळू द्या."

बाकीच्या बायका हसल्या. वादळाला नव्हे, मार्तंडरावांच्या चेहऱ्याला. तिथंच सगळं बिनसलं. मार्तंडराव चढ्या आवाजात म्हणाले, "पुस्तक सगळ्यांचं आहे, तुमच्या माहेरचं नाही. ते आणाल तेव्हाच दुसरं मिळेल, आणि तोवर वाचनालयाची पायरी चढायची नाही."

सोनूबाई उठली, शेजारी आपल्या घरात गेली, पुस्तक ज्वारीच्या कणगीत खुपसलं आणि कणगीला पाठ लावून उभी राहिली. "न्हाई देत," म्हणाली. बाईमाणसाच्या घरात शिरून कणगी उपसणं मार्तंडरावांना शक्य नव्हतं. ते तणतणत परतले.

वाचनालयात ते समारंभाची कापडी पाटी रंगवत होते. पांढरा रंग होता, हातात कुंचला होता, डोक्यात राग होता. कोपऱ्यातली एक फळी त्यांनी ओढली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'सोनूबाई. पुस्तक परत नाही.' रस्त्याकडे गजांची मोठी खिडकी होती. तिच्यासमोरच्या आतल्या खांबाला, सगळ्या गावाला दिसेल अशी, ती फळी त्यांनी ठोकली. नेहमीसारखी खडूनं लिहिली असती तर पुढचं निम्मं दुःख टळलं असतं. पण रागाला खडू सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून माणसं आली. बरोबर पोलीस. त्यांनी मार्तंडरावांना बाहेर काढलं, कापडी पाटी उतरवून घडी घालून घेतली, दाराला कुलूप लावलं आणि कुलपावर लाखेची मोहर उठवली. मार्तंडरावांना कळेना झालंय काय. एक शिपाई एवढंच म्हणाला, "हुकूम है."

उलगडा केला हुसेनमियाँनी. त्यांनी आत ओळखीच्या माणसाकडून अर्ज पाहिला होता. कमानीखाली मार्तंडरावांना गाठून ते हळू आवाजात म्हणाले, "आप जलसा कायकू लिखे?"

"गाण्याचा जलसा. गवई येणार होता ना औरंगाबादेहून."

"अरे बाबा, मराठी में जलसा बोले तो गाना-बजाना. सरकारी उर्दू में जलसा बोले तो सभा! सालाना जलसा, बाहर से लोग आते, पूरे गाव को बुलावा... पढ़नेवाला क्या समझेगा? महफिल लिखना था, मार्तंडराव. महफिल!"

जलसा म्हणजे सभा, हे मार्तंडरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. उर्दू शाळेत शिकलेला माणूस तो. पण लिहिताना डोळ्यांपुढे लहानपणचे तंबोरे आले, माडीवरच्या बैठका आल्या, आणि घरातला शब्द सरकारी कागदावर उतरला. सभांच्या नावानं राज्य आधीच बिथरलेलं. आणि हुसेनमियाँनी तर हात पुढे केला होता.

त्यांनी खुलाशाचा अर्ज केला. या वेळी हुसेनमियाँकडून लिहवून घेतला. उत्तर आलं, वरून हुकूम यायचा आहे. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. पहिलं वर्ष मार्तंडराव आशेवर होते. दुसऱ्या वर्षी उत्साही मंडळी त्यांना रस्त्यात टाळायला लागली. मोहर लागलेल्या दाराशी नाव जोडून घ्यायला कुणाला हौस असते? पुढे पुढे कचेरीतला कारकूनही त्यांना पाहिलं की मान हलवायचा, तोंड उघडायचे कष्टसुद्धा घेत नसे.

दार बंद झालं, पण खिडकीच्या झडपा त्या दिवशी उघड्या राहिल्या त्या राहिल्याच. पावसाची झड आत जायची. आणि गजांतून ती फळी लख्ख दिसायची. बाजाराला जाणारा प्रत्येक जण ती वाचायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरे वाचून दाखवायचे. पोरं सोनूबाईच्या मागे 'पुस्तकचोर, पुस्तकचोर' ओरडत. हिशेबाच्या चिठ्ठीतसुद्धा जिचं नाव कधी कुणी लिहिलं नव्हतं, तिनं ते असं पहिल्यांदा पाहिलं.

एकदा पुंजाराम आडतीवर काटा सोडून मार्तंडरावांपुढे येऊन उभा राहिला. "मार्तंडराव, तेवढं नाव पुसा हो. तिनं बाजारात जानं सोडलं. मी हात जोडून राह्यलो."

"कसं पुसू? मोहर आहे."

"लिव्हताना मोहर व्हती का?"

त्या संध्याकाळी मार्तंडरावांनी एका लांब काठीला चिंधी बांधली, रंग काढायचं राळेचं तेल लावलं आणि खिडकीतून आत घातली. काठी फळीपर्यंत पोचत होती, जोर मात्र पोचत नव्हता. पांढऱ्या अक्षरांवर नुसती तेलाची ओल फिरत राहिली आणि अक्षरं अधिकच चकाकली. नाक्यावरच्या शिपायानं पाहिलं. मोहर लागलेल्या जागेत हात घातला म्हणून त्यांना रात्र चौकीत बसून काढावी लागली. सुटून आले ते पार खचून. त्यांना राग आला होता, आणि या खेपेला तो सोनूबाईचा नव्हता.

त्यांची सगळ्यात मोठी अडचण मात्र कुणाला सांगण्यासारखी नव्हती. त्यांच्याकडे वाचायला काहीच नव्हतं. घरचीसुद्धा सगळी पुस्तकं त्यांनी कधीच वाचनालयाला देऊन टाकली होती. गावात तीच गत, कारण गावातलं पुस्तक न् पुस्तक त्यांनी स्वतः आत कोंडलं होतं. बाहेर होतं फक्त एक, ज्वारीच्या कणगीत.

एका शुक्रवारी दुपारी त्यांची पावलं झुंबरबाईच्या गल्लीत वळली. आतून आवाज येत होता. ते भिंतीआड थांबले. सोनूबाई वाचत होती. आता ती अडखळत नव्हती. वादळातला माणूस वाचला होता, असं त्यांना कळलं. त्यांनी ते पुस्तक पूर्वी वाचलेलंच होतं, तरी हायसं वाटलं. पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा गेले. पुस्तक संपलं की बायका पहिल्यापासून सुरू करायला लावत. मार्तंडरावांनी तोच प्रवास भिंतीआड उभं राहून किती वेळा केला कुणास ठाऊक. आत जाऊन चार शब्द बोलावेत, असं दर खेपेला वाटे. जीभ रेटत नसे. कानकोंडं होऊन ते बायका उठायच्या आत निघून जात.

मग अठ्ठेचाळीस साल आलं आणि सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं. रझाकारांच्या बातम्या रोज नव्या. लोक गाठोडी बांधून वऱ्हाडाकडे सरकू लागले. पुंजारामही बहिणीला घेऊन गेला. झुंबरबाईच्या अंगणाला कडी लागली. मार्तंडराव दोन शुक्रवार सवयीनं तिथं जाऊन उभे राहिले, आणि मग गेले नाहीत.

भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गाव नाचलं, गुलाल उधळला. त्या धामधुमीत हुसेनमियाँची चटई कचेरीसमोरून नाहीशी झाली. मार्तंडराव त्यांच्या घरी गेले तर दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि ते कुठं गेले हे सांगायला शेजारी तयार नव्हते. आनंदानं फुलून जावं अशा त्या दिवसांत मार्तंडरावांना तो आनंद पुरता लाभला नाही.

दिवाळीनंतर नव्या कचेरीचा हुकूम आला. मोहर फोडली. उत्साही मंडळी हार घेऊन परत आली होती. दार फुगलं होतं, ते खांदे लावून उघडावं लागलं. आत कुबट वास. मार्तंडरावांनी सरळ पहिलं कपाट उघडलं. पुस्तकं रांगेत उभी होती, खच्चून, जशी त्यांनी लावली होती तशीच. पाठीवरची नावंसुद्धा वाचता येत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एक पुस्तक ओढलं आणि हातात नुसती पाठ आली. मागे माती होती. वाळवीनं आतलं सगळं खाऊन बाहेरची नावं तेवढी ठेवली होती. दुसरं कपाट तसंच. तिसरंही.

मंडळींनी हार टेबलावर ठेवले आणि एकेक करून ती बाहेर पडली. मार्तंडराव बाकावर बसून राहिले. एकही पुस्तक बाहेर ठेवू नका, असं दारोदार सांगत कोण फिरलं होतं? आजाऱ्याच्या उशाशी एखादं राहिलं असतं, त्या परीक्षेवाल्या मुलाकडे एखादं राहिलं असतं. त्यांनी ती सगळी अगदी वेळेवर आत आणली होती. मार्तंडराव तोंडावर उपरणं घेऊन रडले.

दारात कुणीतरी उभं असल्याचं त्यांना उशिरा कळलं. सोनूबाई होती. केस पिकले होते. पायरीच्या खालीच थांबली होती, कारण पायरी चढायची मनाई होती. हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"मुलूख सोडून गेल्तो, तवा बी संगं नेलं व्हतं," ती म्हणाली. "मुदत लई टळली. पर पान एक बी गेलं न्हाई."

मार्तंडरावांनी तिला आत बोलावलं. त्यांनी लुगड्याचा तुकडा सोडून पुस्तक हातात घेतलं. कडा तेलकट झाल्या होत्या, हळदीचे डाग होते, पानांत ज्वारीचे दोन-चार दाणे अडकले होते. जाड, जड, पुरतं पुस्तक. किती वर्षांनी असं वजन त्यांच्या हाताला लागत होतं.

"सोनूबाई, मी तुम्हाला..." मार्तंडराव म्हणायला लागले.

"ऱ्हाऊ द्या. तुमी भिंतीआड उभे ऱ्हायचे, ते ठावं व्हतं मला. शुक्कीरवारी जरा मोठ्यानं वाचायची मी."

मार्तंडरावांनी खांबावरची फळी उपटली, खिशातला चाकू काढला आणि ती पांढरी अक्षरं खरवडायला बसले. सोनूबाई शेवटची रेघ निघेपर्यंत बघत राहिली.

नाव गेलं, तशी तिनं पदर सारखा केला आणि लांब टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली, वाचनालयाच्या सभासदानं उभं राहावं तशी. तिची नजर कपाटांवरून फिरली. उघड्या दारांतून ओळीनं पाठी दिसत होत्या, त्यांच्यावरची नावं दिसत होती. ती एकेक नाव पुटपुटत वाचू लागली. आता तिला जोडाक्षरंही येत होती.

"तुमीच म्हनले व्हते," ती म्हणाली. "हे आनलं की दुसरं मिळंल. मंग द्या आता दुसरं."

मार्तंडराव सवयीनं उठले, कपाटापर्यंत गेले, आणि तिच्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले.